आईनस्टाईन गणितात नापास झालाच नव्हता, पण त्याची ॲडमिशन मात्र हुकली होती. तेव्हा नेमकं काय झालं?

निकालाचे दिवस आले की फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचा आईनस्टाईनचा फोटो आणि खाली एक ओळ, की हा माणूस शाळेत गणितात नापास झाला होता. पाठवणाऱ्या काकांचा हेतू चांगलाच असतो. घरात कुणाचं तरी नीट, जेईई नाहीतर सीईटीचं गणित बिघडलेलं असतं आणि त्याला धीर द्यायचा असतो.

पण यात दोन अडचणी आहेत.

एक म्हणजे ही गोष्ट खोटी आहे. आणि दुसरं म्हणजे ती खरी असती तरी ज्याची ॲडमिशन हुकली आहे, त्याला तिचा काही उपयोग नाही. नापास झालेला एक मुलगा पुढे मोठा शास्त्रज्ञ झाला, एवढंच त्यातून कळतं. मधल्या काळात त्यानं काय केलं, त्याच्या आईवडलांनी काय केलं, कोण मदतीला आलं, यातलं काहीच कळत नाही.

खरी गोष्ट अशी आहे की आईनस्टाईन गणितात कधीच नापास झाला नाही. पण वयाच्या सोळाव्या वर्षी त्याला ज्या कॉलेजमध्ये जायचं होतं, तिथल्या प्रवेश परीक्षेत तो पास होऊ शकला नाही. त्याची ही गोष्ट विद्यार्थ्यांसोबत त्यांच्या आईवडलांनीही वाचावी अशी आहे. कारण त्यात आईनस्टाईनइतकाच महत्त्वाचा माणूस आहे, तो म्हणजे त्याचा बाप.

शिकायचं राहून गेलेला बाप

अल्बर्ट आईनस्टाईनचा जन्म १४ मार्च १८७९ चा, जर्मनीतल्या उल्म गावचा. वडलांचं नाव हरमन आणि आईचं पॉलिन. हरमन यांना शाळेत असताना गणिताची आवड होती. पुढे शिकायची इच्छाही होती, पण घरची परिस्थिती तशी नव्हती. त्यामुळे शिक्षण सोडून ते धंद्यात पडले.

अल्बर्ट वर्षाचा असताना हे कुटुंब म्युनिकला आलं. हरमन यांचे धाकटे भाऊ याकोब इंजिनिअर होते. दोघा भावांनी मिळून विजेच्या उपकरणांचा कारखाना काढला. त्या काळात वीज ही अगदी नवी गोष्ट होती. १८८५ साली म्युनिकच्या प्रसिद्ध ऑक्टोबरफेस्टमध्ये विजेचे दिवे लागले, ते याच आईनस्टाईन बंधूंच्या कंपनीनं लावले होते.

पण धंदा मोठ्या कंपन्यांसमोर टिकला नाही. म्युनिक शहरातल्या दिव्यांचं मोठं कंत्राट हातातून गेलं आणि १८९४ मध्ये कारखाना गुंडाळून दोघे भाऊ इटलीला गेले. तिथं नव्यानं सुरुवात करायची असं ठरलं. पंधरा वर्षांच्या अल्बर्टला मात्र म्युनिकमध्येच ठेवलं, कारण त्याची शाळा पूर्ण व्हायची होती.

मुलाचं वर्ष वाया जायला नको म्हणून त्याला मागं ठेवून बदलीच्या गावी जाणारे आईबाप आपण आजूबाजूला बघतोच. आईनस्टाईनच्या घरीही तेच झालं.

त्यानं शाळा मध्येच सोडली

म्युनिकची लुइटपोल्ड शाळा शिस्तीची होती आणि पाठांतरावर भर देणारी होती. अल्बर्टला ती मानवत नव्हती. त्याचे मार्क चांगले होते, पण शिक्षकांशी जमत नव्हतं. त्यात घर लांब गेलेलं. शिवाय सतरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत देश सोडला नाही तर जर्मनीत लष्करी सेवा करावी लागणार, हीसुद्धा टांगती तलवार होती.

१८९४ च्या डिसेंबरमध्ये त्यानं ओळखीच्या डॉक्टरकडून तब्येतीचं सर्टिफिकेट घेतलं, गणिताच्या शिक्षकांकडून आपली तयारी चांगली असल्याचं पत्र घेतलं आणि शाळा सोडून थेट मिलान गाठलं. घरच्यांना आधी काहीच कळवलं नव्हतं.

आईबापांची काय अवस्था झाली असेल याचा अंदाज कुणीही बांधू शकतो. धंदा बुडालेला, परका देश आणि आता शाळा सोडून दारात उभा राहिलेला मुलगा. हातात दहावी-बारावीसारखं कुठलंही प्रमाणपत्र नाही.

अल्बर्टनं त्यांना शब्द दिला, की मी घरी अभ्यास करीन आणि झुरिचच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा देईन.

इथं नावावरून गोंधळ नको. हे पॉलिटेक्निक म्हणजे आपल्याकडचा डिप्लोमा नाही. स्वित्झर्लंडमधली इंजिनिअरिंग आणि विज्ञानाची ती सगळ्यात नावाजलेली संस्था होती. आज ती ईटीएच झुरिच म्हणून ओळखली जाते. अल्बर्टसाठी सोयीची गोष्ट अशी, की शिकवणं जर्मन भाषेत होतं आणि शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र नसलं तरी प्रवेश परीक्षा देऊन आत जाता येत होतं.

घरच्यांना हा मार्ग पटला. मुलगा इंजिनिअर होईल आणि पुढे घरचा धंदा सांभाळेल असा त्यांचा हिशोब होता.

ऑक्टोबर १८९५ : वय कमी, तयारी अर्धी

अडचण वयाची होती. प्रवेशासाठी अठरा वर्षं पूर्ण लागत होती आणि अल्बर्ट साडेसोळा वर्षांचा होता. मग ओळख शोधली गेली. गुस्ताव मायर नावाचे कुटुंबाचे जुने स्नेही झुरिचमध्ये राहायचे. त्यांनी पॉलिटेक्निकचे प्रमुख आल्बिन हर्झोग यांना पत्र लिहून या हुशार मुलासाठी शब्द टाकला.

हर्झोग यांचं उत्तर वाचण्यासारखं आहे. मुलगा कितीही असामान्य असल्याचं सांगितलं जात असलं, तरी त्याला सुरू असलेल्या शाळेतून मध्येच काढणं आपल्याला योग्य वाटत नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. शाळा पूर्ण करावी हा त्यांचा सल्ला होता. तरीही घरच्यांचा आग्रहच असेल तर वयाची अट बाजूला ठेवून परीक्षेला बसू देतो, असंही त्यांनी सांगितलं.

म्हणजे ओळखीनं परीक्षेचं दार उघडलं, पण पास करून दिलं नाही.

८ ऑक्टोबर १८९५ पासून परीक्षा झाली. गणित आणि भौतिकशास्त्रात अल्बर्टनं उत्तम कामगिरी केली. पण परीक्षेत भाषा, इतिहास आणि इतर सामान्य विषयही होते. तिथं तो कमी पडला. फ्रेंच ही त्याची दुखरी बाजू होतीच. निकाल लागला आणि प्रवेश नाकारला गेला.

यात अन्याय झाला का? नाही. नियम सगळ्यांना सारखे होते. इतर उमेदवारांपेक्षा तो दीड-दोन वर्षांनी लहान होता, वर्षभर शाळेबाहेर होता आणि आवडीचे विषय सोडून बाकीच्या विषयांची त्याची तयारी नव्हती. पुढे म्हातारपणी आठवणी लिहिताना त्यानं स्वतःच आपलं नापास होणं रास्त होतं असं मान्य केलं.

इथंच त्या फॉरवर्डचा हिशोबही पूर्ण करून टाकू. १९३५ साली अमेरिकेत असताना, आपण गणितात नापास झाल्याची एका छापील सदरातली बातमी कुणीतरी त्याला दाखवली. त्यानं ती हसून उडवली. पंधरा वर्षांचा व्हायच्या आतच त्याचं कॅल्क्युलस शिकून झालं होतं. तरीही ती अफवा आजपर्यंत जिवंत आहे.

नकार आला, पण त्यासोबत रस्ताही दाखवला गेला

परीक्षेनंतर दोन गोष्टी घडल्या आणि पुढचं सगळं त्यांच्यावर उभं राहिलं.

पहिली, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हाइनरिश वेबर यांनी अल्बर्टचा पेपर पाहिला होता. तू झुरिचमध्ये राहणार असशील तर माझ्या वर्गात येऊन बसत जा, असं त्यांनी त्याला सांगितलं. प्रवेश नाकारलेल्या मुलाला एका प्राध्यापकानं अशी परवानगी देणं ही मोठी गोष्ट होती.

दुसरी, हर्झोग यांनी घरच्यांना वेगळा सल्ला दिला. झुरिचपासून जवळच आराऊ नावाचं गाव आहे, तिथल्या शाळेत याला एक वर्ष घाला. शेवटची परीक्षा पास झाला की वय थोडं कमी असलं तरी प्रवेश परीक्षेशिवाय घेऊ.

मोहाचा पर्याय पहिला होता. झुरिचमध्ये राहायचं, मोठ्या प्राध्यापकाच्या वर्गात बसायचं आणि लोकांना सांगायचं की पॉलिटेक्निकला जातो. दुसऱ्या पर्यायात पुन्हा शाळेच्या बाकावर बसायचं होतं, तेही नुकतीच एक शाळा सोडून आलेल्या मुलानं. आजच्या भाषेत ड्रॉप घेण्यासारखंच.

आईनस्टाईन कुटुंबानं दुसरा पर्याय निवडला.

आराऊचं एक वर्ष

ऑक्टोबरच्या शेवटी अल्बर्ट आराऊच्या शाळेत दाखल झाला. ही शाळा म्युनिकच्या अगदी उलट होती. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांच्या विचारांचा तिथं प्रभाव होता. घोकंपट्टीपेक्षा पाहून, समजून आणि स्वतः विचार करून शिकण्यावर भर होता. शिक्षक मुलांशी मोकळेपणानं बोलायचे.

त्याच्या राहण्याची सोय योस्ट विंटेलर या शिक्षकांच्या घरी झाली. विंटेलर दांपत्याला सात मुलं होती आणि घरात कायम गडबड असायची. जेवताना चर्चा, वाचन, गाणं-बजावणं आणि सुट्टीत डोंगरात भटकंती चालायची. अल्बर्ट व्हायोलिन वाजवायचा. थोड्याच दिवसांत तो या घरचाच झाला. विंटेलर यांची मुलगी मारी हे त्याचं पहिलं प्रेम. ते टिकलं नाही, पण नातं टिकलं. पुढे अल्बर्टची बहीण माया हिचं लग्न याच घरातल्या पाउलशी झालं आणि त्याचा जवळचा मित्र मिकेले बेसो याचं लग्न ॲना विंटेलरशी.

शाळेत सगळं लगेच जमलं असं नाही. फ्रेंच आणि रसायनशास्त्रात तो मागं होता, त्यासाठी वेगळी शिकवणी घ्यावी लागली. म्हणजे ज्या विषयांनी प्रवेश हुकवला, त्यांच्यावर बसून काम करावं लागलं.

याच वर्षात त्याच्या डोक्यात एक प्रश्न आला. आपण प्रकाशाच्या किरणाच्या मागे प्रकाशाच्याच वेगानं धावू लागलो तर तो किरण आपल्याला कसा दिसेल? हा प्रश्न त्याला पुढची दहा वर्षं सोडणार नव्हता. १९०५ सालच्या विशेष सापेक्षता सिद्धांताची सुरुवात आपण या आराऊच्या प्रश्नापासून झाल्याचं त्यानं नंतर नोंदवून ठेवलं आहे.

आणखी एक गोष्ट झाली. शेवटच्या परीक्षेत फ्रेंचच्या पेपरला भविष्यातल्या बेतांवर निबंध होता. चुकांनी भरलेल्या फ्रेंचमध्ये त्यानं लिहिलं, की पॉलिटेक्निकमध्ये चार वर्षं गणित आणि भौतिकशास्त्र शिकायचं आणि मग शिक्षक व्हायचं. इंजिनिअरिंग त्यातून गायब होतं. व्यवहारापेक्षा आपला ओढा विचार करण्याकडे आहे, हे त्या वर्षात त्याचं त्याला कळलं होतं.

१८९५ मध्ये प्रवेश मिळाला असता तर कदाचित तो इंजिनिअरिंगच्या वर्गात जाऊन बसला असता. हातून गेलेल्या त्या वर्षानं त्याची शाखाच बदलून टाकली.

सप्टेंबर १८९६ मध्ये परीक्षा झाली. सहापैकी गुण असायचे आणि सहा हे सर्वोत्तम. बीजगणितात ६, भूमितीत ६, भौतिकशास्त्रात ६, इतिहासातही ६. फ्रेंचमध्ये ३. अफवेचं एक मूळ इथंही असल्याचं सांगतात. या शाळेत आधी १ हा सर्वोत्तम गुण मानला जायचा, नंतर ही पद्धत उलटी झाली. ज्यांना हा बदल माहीत नव्हता, त्यांनी ६ पाहिला आणि अर्थ उलटा लावला.

ऑक्टोबर १८९६ मध्ये अल्बर्टला झुरिच पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला. अजूनही तो अठरा वर्षांचा झालेला नव्हता, पण हर्झोग यांनी शब्द पाळला.

इथं फॉरवर्ड संपतो, आयुष्य नाही

स्वप्नातलं कॉलेज मिळालं म्हणजे सगळं मिळालं, असं आपल्याला वाटतं. आईनस्टाईनच्या बाबतीत तसं अजिबात झालं नाही.

ज्या वर्षी त्याला प्रवेश मिळाला, त्याच वर्षी इटलीतला धंदाही बुडाला. याकोब काकांनी नोकरी धरली. हरमन यांनी मात्र नातेवाइकांकडून कर्ज घेऊन मिलानमध्ये पुन्हा नवा धंदा मांडला. अल्बर्टचा खर्च आईकडचे नातेवाईक उचलत होते. महिन्याला १०० फ्रँक यायचे आणि त्यातलेही २० तो स्विस नागरिकत्वाच्या फीसाठी बाजूला टाकायचा.

१८९८ मध्ये त्यानं बहिणीला लिहिलेलं एक पत्र आहे. आईवडील इतक्या वर्षांत एक क्षणही सुखाचा पाहू शकले नाहीत, आपण मोठे होऊनही काही करू शकत नाही, आपण घरावर नुसतं ओझं आहोत, आपण नसतो तर बरं झालं असतं, इथपर्यंत तो त्यात गेला आहे. आईनस्टाईन, वय एकोणीस. आणि त्याच पत्रात तो स्वतःला सावरतोही. आपल्या ताकदीत होतं ते आपण केलं, अभ्यास सोडून दुसरी चैन केली नाही, हा विचार आपल्याला उभं ठेवतो असं त्यानं लिहिलं. मनातलं सगळं सांगायला बहीण होती, हे त्याचं नशीब.

कॉलेजातही त्याचं वेबर सरांशी बिनसलं. ज्यांनी नापास मुलाला वर्गात बसायला बोलावलं होतं, तेच वेबर आता त्याच्यावर नाराज होते, कारण हा तासांना बसायचा नाही आणि कुणाचं ऐकायचा नाही. परीक्षेच्या आधी मार्सेल ग्रॉसमान या मित्राच्या व्यवस्थित नोट्स त्याच्या कामी यायच्या.

१९०० मध्ये अंतिम परीक्षा झाली. त्याच्या गटात पाच जण होते. चार पास झाले. त्या चारांत शेवटचा आईनस्टाईन होता, सरासरी ४.९१. बाकी तिघांना तिथंच सहायकाची जागा मिळाली. त्याला नाही.

मुलाला न सांगता लिहिलेलं पत्र

मग सुरू झाला अर्जांचा सिलसिला. जर्मनी, हॉलंड, इटली, जिथं जिथं भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आहे तिथं तिथं त्यानं सहायकाच्या जागेसाठी पत्रं पाठवली. सोबत उत्तरासाठी पोस्टकार्डही जोडलं. उत्तरं आली नाहीत, आली ती नकाराची.

जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये विल्हेल्म ओस्टवाल्ड नावाचे मोठे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांना त्यानं मार्च १९०१ मध्ये आपला छापून आलेला शोधनिबंध पाठवला. उत्तर नाही. एप्रिलमध्ये पुन्हा आठवण केली. तरी उत्तर नाही.

तेव्हा अल्बर्ट मिलानला आईवडलांकडे होता. हरमन रोज मुलाचा चेहरा पाहत होते. १३ एप्रिल १९०१ ला त्यांनी स्वतःच ओस्टवाल्ड यांना पत्र लिहिलं.

एका बापानं थोर प्राध्यापकाला मुलाच्या कामासाठी त्रास द्यावा याबद्दल त्यांनी आधी क्षमा मागितली. आपला मुलगा बावीस वर्षांचा आहे, चार वर्षं झुरिचला शिकला, चांगल्या गुणांनी पास झाला आणि तेव्हापासून जागेसाठी धडपडतो आहे. तो अतिशय कष्टाळू आहे, विषयावर त्याचं प्रेम आहे. पण आपली गाडी रुळावरून घसरली ही भावना त्याच्या मनात रोज घट्ट होत चालली आहे आणि आपण घरावर ओझं आहोत या विचारानं तो खचला आहे. जमलं तर त्याचा निबंध वाचा आणि धीराचे दोन शब्द लिहा, म्हणजे त्याला जगण्यात आणि कामात पुन्हा गोडी वाटेल. एखादी जागा देता आली तर उपकार विसरणार नाही.

आणि शेवटी त्यांनी लिहिलं, की आपण हे पत्र लिहिल्याचं मुलाला माहीत नाही.

हरमन यांच्याकडं काहीच नव्हतं. धंदे दोनदा बुडालेले, तब्येत ढासळलेली, विज्ञानाच्या जगात कुणाशी ओळख नाही. तरी मुलाच्या अपयशाची त्यांना लाज वाटली नाही आणि त्यांनी त्याला बोलही लावला नाही. ओझं हा शब्द मुलानं बहिणीला लिहिला होता. बापाच्या पत्रातही तोच विचार आला. म्हणजे मुलाच्या मनात काय चाललं आहे हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. आणि त्यांनी आधी मागितले ते धीराचे शब्द, नोकरी त्यानंतर.

ओस्टवाल्ड यांच्याकडून जागा काही मिळाली नाही.

जी मिळाली, ती दुसऱ्या एका बापामुळे. मार्सेल ग्रॉसमाननं आपल्या वडलांना मित्राची अडचण सांगितली आणि त्यांनी बर्नच्या पेटंट ऑफिसच्या संचालकांकडे शब्द टाकला. जाहिरात निघेपर्यंत, मुलाखत होईपर्यंत वर्ष गेलं. तोवर आईनस्टाईननं एका शाळेत दोन महिने बदली शिक्षक म्हणून काम केलं, एका ठिकाणी शिकवणी केली. जून १९०२ मध्ये तो पेटंट ऑफिसात रुजू झाला. तृतीय श्रेणीचा तांत्रिक तज्ज्ञ, वर्षाला ३५०० फ्रँक पगार.

चार महिन्यांनी, १० ऑक्टोबर १९०२ ला हरमन आईनस्टाईन मिलानमध्ये वारले. मुलाला नोकरी लागलेली त्यांनी पाहिली. त्यापुढचं काहीच पाहिलं नाही.

त्या पाचातली पाचवी

१९०० च्या परीक्षेत पाच जण होते आणि चार पास झाले. पाचवी होती मिलेव्हा मारिच. सर्बियन कुटुंबातली. मुलींना विज्ञान शिकणं कठीण असलेल्या काळात तिनं झाग्रेबमध्ये मुलांच्या शाळेत बसण्याची खास परवानगी मिळवली, मग स्वित्झर्लंडला आली आणि १८९६ मध्ये झुरिच पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाली. अल्बर्टच्याच वर्षी. तिच्या गटात ती एकटी मुलगी होती.

१९०० मध्ये ती नापास झाली. १९०१ मध्ये पुन्हा बसली, तेव्हा ती अल्बर्टच्या मुलाची आई होणार होती आणि लग्न झालेलं नव्हतं. पुन्हा नापास झाली. तिसऱ्यांदा बसायची संधी आली नाही. १९०३ मध्ये दोघांचं लग्न झालं, पण डिप्लोमा तिला कधीच मिळाला नाही.

ही गोष्ट फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. अल्बर्टला आराऊ मिळालं, विंटेलर यांचं घर मिळालं, नातेवाइकांचे १०० फ्रँक मिळाले, मित्राचे वडील मिळाले. मिलेव्हाला पहिल्या नकारानंतर असं काही मिळालं नाही. अपयशातून उभं राहायला जिद्द लागते, पण आणखी एक वर्ष, थोडे पैसे आणि पाठीशी उभी राहणारी चार माणसंही लागतात. ती नसतील तर हुशार माणूसही मागं राहतो.

पुन्हा झुरिच

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९०५ मध्ये पेटंट ऑफिसातल्या या कारकुनानं एकाच वर्षात भौतिकशास्त्राचा चेहरा बदलणारे शोधनिबंध लिहिले. पण नकार त्यानंतरही थांबले नाहीत. १९०७ मध्ये बर्न विद्यापीठात शिकवण्याची परवानगी मागितली, तेव्हा नियमाप्रमाणे वेगळा प्रबंध जोडला नाही म्हणून अर्ज अडला. सापेक्षता सिद्धांत छापून दोन वर्षं झाली होती. त्यानं वाद घालत बसण्यापेक्षा प्रबंध लिहून दिला आणि १९०८ मध्ये परवानगी मिळाली. १९०९ मध्ये झुरिच विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळाली.

ज्या ओस्टवाल्ड यांनी बापलेकांच्या पत्रांनंतर जागा दिली नव्हती, त्यांनीच १९१० च्या नोबेलसाठी आईनस्टाईनचं नाव सुचवलं. त्याचं नाव सुचवणारे ते पहिले शास्त्रज्ञ. हरमन यांना जाऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. नोबेल प्रत्यक्ष मिळालं ते १९२१ सालचं, जाहीर झालं १९२२ मध्ये.

आणि १९१२ मध्ये आईनस्टाईन प्राध्यापक म्हणून झुरिच पॉलिटेक्निकमध्ये परतला. ज्या संस्थेनं सतरा वर्षांपूर्वी त्याला प्रवेश नाकारला होता, तिथंच. तिथं गणिताचा प्राध्यापक होता मार्सेल ग्रॉसमान. नोट्स देणारा तोच मित्र. गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतासाठी लागणारं अवघड गणित आईनस्टाईनला येत नव्हतं, ते शोधून द्यायला पुन्हा ग्रॉसमानच धावून आला. दोघांनी मिळून केलेल्या त्या कामातून पुढे १९१५ मध्ये सामान्य सापेक्षता सिद्धांत उभा राहिला.

१८ एप्रिल १९५५ ला अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये आईनस्टाईनचं निधन झालं. आयुष्याच्या शेवटच्या काही आठवड्यांत त्यानं आपल्या शिक्षणाविषयी आठवणी लिहिल्या. त्यात ज्या शाळेचं मनापासून कौतुक आहे, ती झुरिचची मोठी संस्था नाही. ते कौतुक आहे आराऊच्या शाळेचं, जिथं तो नाइलाजानं गेला होता.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर तो फॉरवर्ड आला, तर खालचं वाक्य बदलून पाठवता येईल. आईनस्टाईन गणितात नापास झाला नव्हता. त्याची ॲडमिशन हुकली होती, मग त्यानं एक वर्ष शाळेत जाऊन कच्चे विषय पक्के केले आणि घरच्यांनी त्याला ते वर्ष दिलं.